तात्यांची उभी वाट

तात्यांइतका डोकं उठवणारा माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. सौदीत जुबैलला आमच्या प्लांटमध्ये मी इंजिनियर आणि ते स्कॅफोल्डिंगचे, म्हणजे परांच्या बांधणाऱ्यांचे, फोरमन होते. वय सत्तावन्न, गाव गुहागरकडचं. प्लांट बंद ठेवून दुरुस्ती करतात त्या शटडाउनमध्ये तास न् तास मोजलेला असतो. तात्यांनी तो हिशेब सगळ्या जगण्याला लावून ठेवला होता. शुक्रवारी कॅम्पवर बिर्याणी करायची तरी तांदूळ साडेदहाला पडलाच पाहिजे. कुणी ‘बघू उद्या’ म्हटलं की संपलंच. ‘शटडाउनला उद्या नसतो,’ हे त्यांचं पालुपद.

अशा माणसाच्या डोक्यात किलिमांजारो शिरला. सौदीत तीस वर्षं झाली होती आणि प्रत्येक रजा घराकडे गेली होती. एक स्लॅबसाठी, एक बहिणीच्या लग्नासाठी, दोन आईच्या आजारपणात. ‘एक रजा माझी,’ ते मला म्हणाले. ‘आयुष्यभर लोकांसाठी वर चढलो. वर गेल्यावर दिसतं काय? दुसरा प्लांट.’ मी पडलो नाशिकचा. कॉलेजात किल्ले पालथे घातल्याच्या बढाया मीच मारल्या होत्या. त्यामुळे बरोबर कोण येणार हे त्यांनी मला न विचारताच ठरवून टाकलं.

खरी भांडणं वाटेवरून झाली. त्या डोंगरावर लांबची, सावकाश जाणारी वाट आहे, तिला आठ दिवस लागतात. तात्यांची रजा पंधरा दिवसांची, त्यातले आठ गावी काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, कबूल केलेले. जाण्यायेण्याचा वेळ वजा जाता डोंगराच्या वाट्याला पाच दिवस आले. मग काय, त्यांनी सगळ्यात उभी आणि सगळ्यात छोटी वाट निवडली. ‘चढ जास्त म्हणजे दिवस कमी,’ इतकं साधं गणित. विरळ हवेची सवय व्हायला शरीराला दिवसच लागतात, तिथे पायातली ताकद उपयोगाची नाही, हे मी दोन महिने कंठशोष करून सांगितलं. ते पाठीवर दहा किलोची तांदळाची पिशवी बांधून कॅम्पच्या चार मजल्यांचा जिना चढत उतरत राहिले. जुबैल तव्यासारखं सपाट, दुसरा चढ आणणार कुठून. माझी बायको म्हणाली, ‘तू ऐकतोसच कशाला त्यांचं?’

पहिल्याच दिवशी वाट जंगलातून सरळ वर उठली. झाडांची मुळं धरून चढायचं. आमचा गाइड शांत माणूस होता. ‘पोले पोले,’ तो सारखं बजावायचा, म्हणजे हळू हळू. त्यावर तात्या पुढून अरबीत ओरडायचे, ‘यल्ला, यल्ला,’ म्हणजे चला, चला. गाइडलाच घाई करणारा माणूस त्या डोंगरानेही पहिल्यांदाच पाहिला असेल. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शेवटच्या तळावर दुपारी पोचलो. शिखर समोर होतं, फक्त एक चढाई उरली होती. मी ठणठणीत होतो. आणि तात्या उजवा बूट डाव्या पायात घालून त्याची नाडी बांधत बसले होते. दहा मिनिटं झाली तरी गाठ बसेना. ओठ निळे पडले होते. गाइडने तपासलं आणि सांगितलं, यांना आत्ताच्या आत्ता खाली न्यायला हवं, त्याचा मदतनीस त्यांना नेईल. म्हणजे मला वर जाता आलं असतं. पण तात्या हटून बसले. ‘इंजिनियर उतरत असेल तर उतरतो. नाहीतर मी इथेच.’ मी समजावलं, हात जोडले, शेवटी शिव्या घातल्या. काही उपयोग नाही. मी सॅक उचलली आणि उतरायला लागलो. उतरताना मी रडलो, आणि तेही रागाने. मागून तात्या म्हणत होते, ‘सावकाश रे, गुडघे जातील.’ वाईट वाटल्याचा एक शब्द नाही. वर्षभराने नोकरी संपवून ते कायमचे गावी गेले.

गेल्या मे महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो. काकूंनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि काळजीने विचारलं, ‘आता बरा आहेस ना? तुला दम लागला म्हणून यांनी खाली आणलं म्हणे.’ साऱ्या वाडीत माझी तब्येत नाजूक म्हणून प्रसिद्ध होती. माझं रक्त उकळलं. तात्या ओटीवर अगदी मन लावून फणस फोडत होते.

काकू चहा टाकायला आत गेल्यावर मी म्हटलं, ‘तात्या, हद्द झाली तुमची.’

‘तिला खरं कळलं तर मला गावाबाहेर सोडणार नाही,’ ते हळू आवाजात म्हणाले. ‘मला परत जायचंय रे.’

त्यांना काही मागताना मी कधी ऐकलं नव्हतं. काकू चहा घेऊन आल्या तेव्हाही मी धुमसतच होतो, पण तोंडातून निघालं भलतंच. ‘काकू, मला पुन्हा जायचंय त्या डोंगरावर. तात्यांना पाठवाल बरोबर?’

काकूंनी कप खाली ठेवला. ‘दम कुणाला लागला होता ते मला हे आले त्याच आठवड्यात कळलं. देवळाच्या पायऱ्या चढताना मध्येच मोबाइल बघायला थांबतात. पाठवीन मी. पण आधी डॉक्टर, आणि जायचं ते लांबच्या वाटेने. आणि खाली चला म्हटलं की निमूट यायचं, हे यांच्याकडून आत्ता माझ्यासमोर वदवून घे.’

मी तात्यांकडे पाहिलं. ते चिकाने माखलेल्या बोटांना तेल चोळत बसले होते.

‘येईन खाली,’ ते म्हणाले.