मास्तरांचं कोपर

माझ्या सासऱ्यांना सगळी बाजारपेठ मास्तर म्हणते. उभ्या आयुष्यात या शिंप्याचं कधी काही चुकलेलं नाही. बाही तोकडी झाली तर गिऱ्हाइकाचा हात लांब. त्यामुळे डाव्या करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या यायला लागल्या, तेव्हा दोष कुणाचा हे त्यांनी लगेच ठरवलं. माझ्या मोटरच्या मशीनचा.

"पायमशीन होतं तोवर मुंग्या माहीत नव्हत्या," ते माझ्या नवऱ्याला म्हणाले. "हे मशीन सगळीकडे करंट सोडतं. विकून टाक ते आणि हिला घरी बसव."

नवरा काजं करत राहिला. ते मशीन मी माझं कानातलं मोडून घेतलं होतं. ते गेलं की मी परत ओट्यापाशी. म्हातारा मला अगदी डोळ्यांसमोर नकोसा झाला होता.

पुढच्याच आठवड्यात कापताना त्यांच्या बोटांतून कापड निसटलं आणि एका कोटाची बाही तिरकी गेली. मग मीच त्यांना दवाखान्यात नेलं. माया नव्हती, मला मशीन वाचवायचं होतं.

डॉक्टरीणबाईंनी रक्तातली साखर तपासली, मान वळवून पाहिली, खाणंपिणं विचारलं. मग कोपराच्या आतल्या बाजूला टिचकी मारली, तशी करंगळीपर्यंत झिणझिणी गेली.

"दिवसभर कोपर कशावर टेकता?"

"टेबलाच्या कडेवर."

"का?"

"हिच्यावर लक्ष ठेवायला. शिवते ती, बघायला नको?"

"करंगळीकडे जाणारी नस तिथे दबते आहे. कोपर टेकायचं नाही, फार वेळ दुमडायचं नाही. नाहीतर बोटांतली ताकद जाईल."

खरंच होतं. मोटर आल्यापासून मास्तरांनी शिवण सोडून नुसतं कापणं ठेवलं होतं आणि उरलेला वेळ हनुवटी डाव्या हातावर टेकून माझ्यावर पहारा ठेवला होता. मुंग्या तेव्हापासूनच्याच.

चुकलो म्हणतील तर ते मास्तर कसले. दुकानात आल्या आल्या खुर्चीत बसून म्हणाले, "कोपराखाली घ्यायला गादी शिव. टाके बारीक घाल."

मी नवऱ्याला हाक मारली, मशीनचं एक टोक धरायला लावलं आणि दोघांनी मिळून ते भिंतीकडे तोंड करून ठेवलं. आता खुर्चीतून नुसती माझी पाठ दिसते.

"इथून शिवण दिसत नाही," मास्तर गुरगुरले.

"बघायची असेल तर उठून यायचं, मामंजी," मी म्हटलं आणि मोटर सुरू केली.