पावर सप्लायवरचा तळहात

देवासला कंप्यूटरचं दुकान चालवणारा तो माणूस सहसा हसत नाही. नातीच्या गेमच्या कंप्यूटरसाठी पावर सप्लायचा डबा मी स्वतः निवडून धारहून आणला होता. "हाच लाव," मी दरडावलं. त्याने लावला, कंप्यूटर चालू केला आणि डब्यावर तळहात टेकून बसला. गिऱ्हाईक आलं की "रुको भिया" म्हणायचा, हात मात्र तसाच. शेवटी त्याने वायर काढली.

"काका, फार तापतोय. हा नाही लावणार."

"माझी नात आहे, मी बघून घेईन."

"आणि तुम्ही घरी नसाल तेव्हा?"

मी डबा पिशवीत परत टाकला. स्वतःच्या कंप्यूटरमधला सप्लाय काढून त्याने आमच्या कंप्यूटरमध्ये बसवला. इंदूरहून नवा येईपर्यंत त्याचा कंप्यूटर बंदच होता. आभार मानणं मला जमत नाही. मी रोज जाऊन त्याच्याशेजारी बसायचो.