कुंपणाला फुटलेली पालवी

पेरणीच्या तोंडावर अयिनपोकाच्या कुंपणाला पालवी फुटली आणि कुणी पाहिलं नाही ना, म्हणून तिने आधी वाटेकडे नजर टाकली.

शेत तिचं नव्हतं. नवरा वारल्यावर दिरांनी जमीन आपसात वाटून घेतली, तेव्हा रिवाजाप्रमाणे एक कोंबडा आणि ओंजळभर कोलाच्या बिया घेऊन ती गावची जमीन कसायला देणाऱ्या भूमीच्या पुजाऱ्याकडे, म्हाताऱ्या अकुबिरेंकडे गेली होती. त्यांनी टेकडीचा खडकाळ उतार दाखवला. "पेर, खा. फक्त झाड लावू नकोस." झाड लावणं म्हणजे जमिनीवर हक्क सांगणं, हे तिथे शेळ्यांमागच्या पोरांनाही कळतं.

तिने दगडांचे बांध रचले, डोक्यावरून शेणखत वाहिलं. पुढेपुढे बाजरी माणसाच्या उंचीची होऊ लागली. शेतकी खात्याचा बायोर लोकांना मुद्दाम ते शेत दाखवायला आणी.

"काकू, शेळ्यांना आवरा. कुंपण घाला."

"तू मला शिकवणार? कुत्र्याचं मुंडकं पळवणारे तुम्ही दगाबा!"

"मुंडकं तुम्ही फ्राफ्रांनीच खाल्लंत, आम्हाला शेपूट ठेवलंत!" कुत्र्याच्या मटणाच्या वाटणीवरून दोन्ही जमातींची ही थट्टा पिढ्यान्‌पिढ्यांची.

वाळलेल्या खुंटांना वाळवी लागते म्हणून तिने टेकडीवरच्या ओल्या फांद्या तोडून रोवल्या. तिथेच चुकलं.

पालवी बघून बायोर हरखला. "जिवंत कुंपण, काकू! आता वाळवीची भीती नाही!"

म्हातारे अकुबिरे थंडीत वारले होते. त्यांचा मुलगा, आता पुजारी झालेला अतुलेगा, पालवी फुटल्याच्या दुसऱ्याच दिवशी आला.

"काकू, बाबा जायचीच वाट बघत होतात का?"

"अरे, खुंट आहेत ते. शेळ्यांसाठी."

"खुंटांना पानं येतात होय?"

"आत्ता उपटते, तुझ्यादेखत."

"मुळं धरल्यावर? भूमीने घेतलेलं तुम्ही हिसकावणार? उद्या पाऊस रुसला तर गावाने कुणाला जाब विचारायचा?" बोलताबोलता त्याने मूठभर माती उचलली, चुरली, हुंगली. अयिनपोकाला त्याच क्षणी कळलं, त्याचा डोळा खुंटांवर नव्हता, मातीवर होता.

गोरखचिंचेखाली बैठक बसली. बायोर तावातावाने म्हणाला, "ही जमीन यांनी घडवलीय!"

"घडवली, खरंय," एक म्हातारा शांतपणे म्हणाला. "पण मागून घेतली होती ना?"

अतुलेगाने ते शेत परत घेतलं आणि घरच्यांसारखं बोलून दुसरा एक उतार देऊ केला. तिथे नुसता मुरूम होता. अयिनपोकाने आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि मान हलवली. ती हो म्हणाली की नाही, हे कुणी विचारलं नाही.

त्याच शेतात पेरणीला अतुलेगाच्या बायका आल्या. अयिनपोका पाण्याचा हंडा घेऊन वाटेने चालली होती. धाकटीने अदबीने हाक मारली, "काकू, या वरच्या पट्ट्यात खत टाकलंय का हो?"

"नाही," अयिनपोका म्हणाली. "तिथे राहिलंय. आधी टाका, नाहीतर बाजरी पिवळी पडेल."

आणि हंडा सावरत ती घराकडे गेली.