बँक सोडून पोत्यांत

“बँकेतली नोकरी सोडून आमच्या पोत्यांत काहून येऊन राह्यली तू?” मी विचारलं.

“मले सप्लाय चेनमध्येच काम करायचं आहे, मॅडम,” कटंगीची कीर्ती म्हणाली.

मला लगेच संशय आला. सप्लाय चेन म्हणजे खरेदी, साठवण, गाडी आणि पोच, अशी सगळी साखळी. आमच्या वेळी त्याला नुसतं स्टोअर म्हणत, आणि स्टोअरमध्ये हौसेनं कोणी येत नसे. मी तरी कशी आले? बालाघाटच्या त्या ऑफिसात स्वतंत्र टेबल फॅन एकालाच मिळायचा, स्टोअरवाल्याला. इंटरव्ह्यूत मात्र मी ‘देशाची प्रगती’ वगैरे ठोकून दिलं होतं. अंगावर कडक इस्त्रीची साडी आणि डोक्यात पंख्याची हवा!

आता रिटायर झाले, तरी लालबर्रा रोडवरच्या एका राइस मिलचे शेठजी माणसं निवडायला मला बोलावतात. ते कानाशी आले. “बाई, मुझे तो ये दुसरी मिल की भेजी हुई लगती है. आपले भाव काढाले आली असंल.”

शंका वेडी नव्हती. कोणता माल कोणाकडे, काय भावानं जातो, हे माल रवाना करणाऱ्या डिस्पॅचवाल्याला सगळं कळतं. खबर बाहेर गेली की गिऱ्हाईक गेलं.

तिला डिस्पॅचवरच ट्रायलला ठेवलं. पक्की करायची की परत पाठवायची, हे माझ्यावर होतं. म्हणून मी एक हुशारी केली. संध्याकाळी तिला बाजूला घेतलं. “उद्या सकाळी तुमसरच्या व्यापाऱ्याकडं दोन ट्रक तांदूळ जाईल. कोणाले बोलू नको.”

ऑर्डर साफ खोटी. खबर फुटली, तर दुसरा मिलवाला त्या व्यापाऱ्याला स्वस्त भाव सांगणार, आणि व्यापारी मला फोन करून घासाघीस करणार. असा माझा सापळा.

सकाळी फोन आला नाही. गेटवर दोन ट्रक मात्र उभे होते. ताडपत्री, हमाल, सगळं तयार. धानाच्या कापणीत शेठजींनाही ट्रक मिळत नव्हता.

“कुठून आणले?”

“ड्रायव्हर लोक कापणीसाठी घरीच आहेत, मॅडम. घरी जाऊन बोलली. संध्याकाळपर्यंत मोकळं करते म्हणून शब्द देल्ला.”

“त्याइले काय सांगतलं?”

“काहीच नाही. तुम्हीच तर म्हणालात, कोणाले बोलू नको.”

आता ट्रक रिकामे फिरले असते, तर तिचा शब्द पाण्यात. आमच्या लाईनीत तेवढंच भांडवल असतं. एकदा फसलेला ड्रायव्हर पुन्हा फोन उचलत नाही.

मी व्यापाऱ्याला फोन लावला. “भाऊ, पुढच्या हप्त्यात पाठवायचा तुमचा माल आजच पाठवते.”

“आज? काहून? माल खराब होऊन राह्यला का, बाई?”

“नाही हो.”

“मग एवढी घाई कायची? ओला तर नाही?”

जन्मभर दुसऱ्यांवर संशय घेतला, आता माझी पाळी होती. शेवटी म्हटलं, उतरवायच्या आधी ओलावा मोजा. जास्त निघाला तर तसाच परत पाठवा, जायचं-यायचं भाडं आमचं. ते ऐकून शेठजींनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मलाच दुसऱ्या मिलनं पाठवलं होतं.

गाड्या भरून निघाल्या. दुसरी गाडी रोडला लागेपर्यंत कीर्ती गेटवरच उभी.

“बँकेत दिवसभर राबून काय पुढं सरकलं, ते दिसतच नव्हतं,” ती म्हणाली. “इथं दिसते.”

उत्तर फारच गोड होतं, म्हणून मी त्यावरही थोडा संशय घेतला.

दुपारी व्यापाऱ्याचा फोन आला. माल ठीक होता. मी कीर्तीला सांगितलं, नोकरी पक्की.

ती लगेच हसली नाही. “मॅडम, कालची ऑर्डर नव्हतीच ना?”

“नव्हती.”

“हौ. मग उद्यापासून मी तोंडी ऑर्डर घेणार नाही.”

शेठजी पोट धरून हसले.

माणूस या लाईनीत काहून येतो, हे मी आता विचारत नाही. तोंडी उत्तर सगळ्यांचं चांगलंच असतं. एकदा फसल्यावर दुसऱ्या सकाळी तो कामावर येतो का, तेवढं पाहते. कीर्ती आली. येताना माझ्या सहीसाठी कोरं ऑर्डर बुक घेऊन आली.