बापाच्या पाठीवरचा शेंदूर

माझा बाप हसला, त्या दिवसापासून घरात संशय शिरला.

त्याआधी सहा महिने तो हसला नव्हता. आई गेली आणि तिच्यामागं त्याची झोप गेली, भूक गेली. इतका वाळला, की वारा सुटला की मी आणि आत्या त्याला खाटेसकट धरून बसायचो. नाहीतर उडत उडत थेट दारव्ह्याला जाऊन पडला असता. आर्णीच्या डॉक्टरनं लाल औषधाच्या तीन बाटल्या दिल्या. बापानं त्या इमानानं प्यायल्या. आधी नुसता जागा असायचा, मग तोंड कडू करून जागा राहू लागला.

आणि एका संध्याकाळी तो बाहेरून आला, दोन भाकरी खाल्ल्या, तिसरी मागितली आणि मांजराकडं बघून हसला. मग असा झोपला, की त्याच्या घोरण्यानं छपरावरची दोन कवेलं सरकली.

आत्या, म्हणजे बापाची धाकटी बहीण, आईच्या दुखवट्याला आली ती राहिलीच होती. सकाळी मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "दादा काहून हसून राह्यला रे? मले हे बरं लक्षण नाई दिसत."

"आत्या, माणूस बरा झाला तेही बरं नाई काय?"

"आपोआप कोनी बरं होत नाई. कोनं तरी केलं."

आम्ही नजर ठेवली. बाप गवंडीकामावरून आला की हातपाय धुऊन नदीकडं चालू लागायचा. रिकाम्या हातानं. आमच्या वस्तीतून नदीवर रिकाम्या हातानं कोणी जात नसे. सरपणाला विळा लागतो, माशांना जाळं लागतं, निदान लोटा तरी लागतो. बाप लोटाही नेत नव्हता, आणि येताना काडीही आणत नव्हता. असा माणूस कोणाला सरळ वाटेल?

चौथ्या दिवशी आत्यानं त्याची बंडी धुवायला घेतली आणि किंचाळली. पाठीवर शेंदूर. चांगला तळहाताएवढा.

आता यात किंचाळण्यासारखं काय, ते सांगतो. दोन वर्षांमागं आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा घरातले देव टोपल्यात भरून अरुणावतीत सोडणारा पहिला माणूस माझा बाप. साऱ्या वस्तीच्या टोपल्या त्यानंच डोक्यावर वाहिल्या. दर पौर्णिमेला विहारात वंदना तोच घ्यायचा. आणि नदीच्या डोहावर करंजाखाली शेंदूर फासलेले सात दगड होते, आसरांचे. पाण्यातल्या बाया त्या. आधी आमच्याही बायका त्यांना नारळ फोडायच्या. तोच बाप आता चोरून तिथं डोकं टेकत असेल, तर वस्तीत त्याच्या शब्दाला काय उरलं? आणि पौर्णिमा दोन दिवसांवर.

"आसरांनी पाठीवर हात ठेवला," आत्या म्हणाली. "तवाच भूक लागली."

शेंदूर कपाळाला लागेल, हाताला लागेल. पाठीला कसा लागला, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. सकाळी नुसता शेंदूर होता, दुपारी वस्तीत त्याचा नारळ झाला, दिवस कलेपर्यंत बोकड कापून झाला. मी माझा वाटा मागितला, तर तो मात्र कोणी देईना.

संध्याकाळी वस्तीचे पंच एकटेच आले. बापाचे लहानपणचे सोबती. मी त्यांना काकाजी म्हणायचो.

"चाल बे, डोयानं पाहू," ते म्हणाले. "खरं निघालं तं पौर्णिमेले वंदना दुसरा घेईन. मले गोड वाटून राह्यलं काय?"

डोहाजवळच्या रायमुनियाच्या काटेरी झुडपात आम्ही शिरलो. आत माकोड्यांचं, म्हणजे काळ्या मुंगळ्यांचं गाव होतं. एकेक माकोडा उंदराएवढा.

"काकाजी, हलू नका."

"तू बस न माह्या जागी!"

बाप आला. त्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. काकाजींनी मला चिमटा काढला. मग बाप सगळ्यांत मोठ्या दगडाला पाठ टेकून, पाय लांब करून आरामखुर्चीत बसावा तसा बसला.

"पाया नाई पडला," काकाजी पुटपुटले. थोडे नाराजच वाटले.

बाप बसून राहिला. खंड्या पाण्यात सूर मारत होता, मासा घेऊन वर येत होता. करंजाचं एखादं पान पाण्यावर पडायचं आणि गरगरत जायचं. काही न करणं इतकं मन लावून करताना मी दुसरा माणूस पाहिला नाही. मग त्याचे खांदे हलू लागले, आणि बाप मोठ्यानं रडला.

आई गेली त्या दिवशी त्यानंच बायकांना सांगितलं होतं, ऊर बडवायचा नाही, आता आपली रीत वेगळी. स्वतः कोरड्या डोळ्यांनी उभा राहून त्यानं गाथा म्हटल्या. वस्तीनं केवढी तारीफ केली! त्यानंतर तो रडणार कुठं? आमच्या भिंती अशा, की शेजारी शिंकला तर नाक आम्ही पुसायचो.

रडून झालं. त्यानं डोहात तोंड धुतलं, पुन्हा टेकला आणि खंड्याकडं बघत राहिला. त्याचा चेहरा सैल होत गेला, गाठ सुटलेल्या दोरासारखा.

मला वाटलं, काकाजी आता गुपचूप मागं सरकतील. ते उठून सरळ पुढं गेले.

"काय पायतं इथं?" बापानं दचकून विचारलं.

"सरपन."

"रायमुनियाचं?"

काकाजी त्याच्या शेजारी बसले. मला कोणी बोलावलं नाही, म्हणून मी माकोड्यांतच राहिलो.

दुसऱ्या दिवशी काकाजींनी वस्तीत सांगितलं, "तो तिथं मासे पायते."

"मंग आनत काहून नाई?" आत्यानं विचारलं. तिचं समाधान पुढं मरेपर्यंत झालं नाही.

पौर्णिमेला वंदना बापानंच घेतली. मधेच आवाज अडकला. त्यानं सगळ्यांसमोर डोळे पुसले आणि पुढची ओळ उचलली. वस्तीत कोणी काही बोललं नाही, आणि आमच्या वस्तीत हे आक्रीतच.

काही दिवसांनी मी त्याला म्हणालो, "बाबा, मी येऊ काय सोबत?"

त्यानं मला वरून खालपर्यंत पाहिलं. "कोनं पाठवलं तुले?"

"कोनं नाई."

"मंग माह्या जागी नको येऊ. नदी मोठी लांब हाय. आपली जागा पाय."

मी पाहिली. मी कामाला जातो त्या कापसाच्या जिनातल्या धुरळ्यानं आणि घरघरीनं डोकं भणाणलं की आजही तिथं जातो. कुठं, ते लिहीत नाही. आत्याच्या नातवांना वाचता येतं.