इंदूमावशींची गाणी वहीत उतरवताना

लोकगीतांचं नोटेशन करायला बसलं की गाणी थोडी जमतात आणि किस्से फार. आमच्या वहीत आजवर मोजून एकोणीस चाली उतरल्यात. किस्से लिहायचे तर दुसरी वही लागेल!

टीम छोटी. मी, मिनिस्ट्रीतून रिटायर झालेली, पेटी वाजवणारी जोशीबाई. देशमुखसर, सरकारी नोकरीतले रिटायर्ड इंजिनियर, मात्रा मोजणारे. शबाना, सोलापूरची, मुनिरकात खोली घेऊन संगीतात पीएचडी करणारी. आणि जिच्याकडे सगळी गाणी, ती शहाऐंशी वर्षांची इंदूमावशी. गुरुग्रामला मुलाच्या फ्लॅटमध्ये, सतराव्या मजल्यावर. मावशी हल्ली विसरायला लागली आहे. आज आठवलेलं कडवं पुढच्या रविवारी आठवेलच असं नाही. म्हणून आमची घाई.

*

पहिल्याच रविवारी मावशीने सांगून टाकलं, "जात्याशिवाय मला ओवी येत नाही."

सतराव्या मजल्यावर जातं कुठलं! देशमुखसरांनी पोळपाट-लाटणं पुढे केलं. मावशी म्हणाली, "याच्यावर पोळ्या येतील."

शेवटी शबानाला सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये एक जातं दिसलं. शोभेचं, वर मनीप्लांटची कुंडी. कुंडी उतरवली, मावशी बसली. गार्ड धावत आला, "आंटी जी, ये डेकोरेशन है!" मावशीने खुंटा धरला, गव्हाची मूठ टाकली आणि ओवी सुरू केली.

दहा मिनिटांनी बघते तर गार्ड शेजारी उकिडवा बसलेला. म्हणाला, "मेरी दादी भी पीसती थी. आंटी जी, आप गेहूँ कम डाल रही हो!"

*

देशमुखसर टेबलावर बोट आपटून मात्रा मोजतात. एका ओवीत पहिली ओळ चौदा मात्रांची, दुसरी चौदा आणि तिसरी थेट एकोणीस!

"मावशी, इथे पाच मात्रा जास्त होतायत."

"तिथे काय आहे?"

"भाऊ माहेराहून न्यायला येतोय."

"मग! येईल की हो. लांबून यायचंय त्याला."

सरांनी पुन्हा म्हणायला लावलं. यावेळी भरल्या बावीस. सरांनी निमूटपणे बावीस लिहिल्या आणि म्हणाले, "वाटेत महिपालपूरला जाम असेल."

*

भोंडल्याच्या एका गाण्यात मावशीचा गंधार आम्हाला सापडेना. मी म्हणे कोमल, सर म्हणत शुद्ध. मोबाइलवरच्या ट्यूनरचा काटा बरोब्बर मध्ये थरथरत उभा. आम्ही दोघं दोन रविवार एकमेकांशी नीट बोललो नाही!

शबानाने तोडगा काढला. अशा प्रत्येक ग खाली पेनने एक बारीक अर्धचंद्र काढायचा. तीन महिने बसून तिने सगळ्या वहीत चंद्र काढले आणि मुनिरकातल्या एका टायपिंगच्या दुकानात वही दिली.

आठवड्याने सुबक प्रिंट आली. चंद्र एकही नाही! दुकानदार अभिमानाने म्हणाला, "मैडम, हर पेज पे स्याही के दाग थे. मैंने एक-एक करके सब हटा दिए."

शबानाने त्याला थँक्यू म्हटलं आणि बाहेर येऊन रडली.

*

कोपर्निकस मार्गावरच्या गेस्ट हाउसमध्ये आमच्या मराठी मंडळाचा कार्यक्रम होता. आमचं नोटेशन वाचून सहा जणींनी मावशीची ओवी म्हटली. सूर चोख, मात्रा चोख. मावशी पहिल्या रांगेत. तिने मनापासून टाळ्या वाजवल्या आणि माझ्या कानात म्हणाली, "फार सुरेख गं. मला शिकव ना हे."

*

राहिला होता पाळणा. मावशीच्या आजोळचा, आता तिच्याशिवाय कुणालाही न येणारा. पण ती म्हणेचना. "बाळ नसताना पाळणा म्हणू नये. रिकामा पाळणा हलवतं का कुणी?" बरोबरच होतं तिचं. पण मला खरंच भीती वाटायची, की बाळ यायच्या आत तो पाळणा तिच्या डोक्यातून जाणार.

मग तिच्या नातीला, मृणालला, मुलगा झाला. बारशाला आम्ही तिघं वही-पेन्सिल घेऊन हजर. मावशीने दोरी धरली. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं आणि ती थांबली.

"मावशी, पुढचं?"

"झोपलं ना बाळ. आता कुणासाठी म्हणू?"

तासभर आम्ही बाळाच्या तोंडाकडे बघत बसलो, उठतंय का म्हणून. मृणाल खूश. "यार, इतका वेळ तो कधीच झोपत नाही. बिल्कुल उठवू नका हं!"

तेवढ्यात देशमुखसरांच्या हातून स्टीलचा पेला पडला. पडला की पाडला, ते मी सांगणार नाही. बाळ उठलं. मावशीने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. दुसऱ्या कडव्याला बाळ पुन्हा गाढ!

सर पाळण्याजवळ सतरंजीवर बसले. देशमुखवहिनी गेल्याला सहा महिने झाले होते, पण त्याबद्दल ते आमच्याशी कधी बोलले नव्हते. खाली बघत म्हणाले, "मावशी, मला येत नाही हो झोप."

मावशीने दोरी सोडली. "ये. आडवा हो."

सत्तरीचे सर भर बारशात आडवे झाले. मावशी त्यांच्या पाठीवर थोपटत म्हणू लागली. पहिलं कडवं. दुसरं. आणि तिसरं! शबानाची पेन्सिल थांबत नव्हती.

तिसरं संपलं आणि मावशी गप्प झाली.

"संपला का गं पाळणा?" मी हळूच विचारलं.

मावशीने ओठांवर बोट ठेवलं. "चौथं आहे की. पण झोपला तो."