इंजिनाला पेट्रोल चढलं तेव्हा

बाबा वारले आणि त्याच महिन्यात आमचं विहिरीवरचं इंजिनही बंद पडलं. दोघांपैकी निदान इंजिन तरी परत सुरू व्हावं, एवढीच आईची अपेक्षा होती.

तिवशाजवळच्या शेतात बाबांनी त्याच वर्षी संत्र्याची कलमं लावली होती. कडाक्याच्या थंडीआधी त्यांना भरपूर पाणी मिळायला हवं होतं. भेटायला येणारा प्रत्येक जण आधी डोळे पुसायचा आणि मग म्हणायचा, "कलमं जळतीन बरं!"

इंजिन पेट्रोलवर सुरू करून मग रॉकेलवर चालवायचं. ते फक्त बाबांनाच जमायचं. मी अमरावतीला कचेरीत कारकून. तोवर मी सायकलशिवाय काहीही सुरू केलं नव्हतं (आणि तीसुद्धा ढकलत!). मदतीला अकोल्याहून मामा आले. त्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं.

"मशीन शेवटी मशीनच असते, भाच्या!" मामा म्हणाले. "वढ दोरी!"

मी इंजिनाच्या चाकाला गुंडाळलेली दोरी ओढली. इंजिन खोकलं आणि गप्प झालं.

"उपाशी आहे ते. पाज अजून!"

पाजलं. ओढलं. पुन्हा पाजलं. शेवटी पेट्रोल खालून ठिबकायला लागलं. हताश होऊन मामांनी बिडी काढली, तशी आई शेतातल्या झोपडीतून ओरडली, "फेक ते! एक गेला तेवढा पुरे नाही झाला काय?"

मग ती जवळ आली आणि वास घेऊन म्हणाली, "पेट्रोल चढलं त्याले. असं झालं का तुहे बाबा पलग काढून माह्या चुलीवर शेकत. पुढचं मले नाही माईत."

मामांनी प्लग काढून दिला. आईने तो चुलीवरच्या तव्यावर टाकला आणि चिमट्याने उलटापालटा केला.

"जळन ना, ताई!" मामा इंजिनाजवळूनच कळवळले.

"भाकर आहे काय जळायले?"

तेवढ्यात मला वाटलं, आपण दोरीचा सराव करून ठेवावा. प्लगचं भोक उघडं, समोर मामा. एकाच झटक्यात आतलं सगळं पेट्रोल मामांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर! आता त्यांना चुलीजवळ येऊ देणं शक्य नव्हतं. बाबांचा जुना पायजमा नि कोट घालून ते बिचारे शेताच्या कडेला धुऱ्यावर कुडकुडत बसले. नेमक्या तेव्हाच चांदूरहून आत्याबाई भेटायला आल्या. लांबून तो कोट पाहिला मात्र, "दादा!" म्हणून किंचाळत खालीच बसल्या.

"मी आहो, आत्याबाई, मी!" मामा धावले. त्या जास्तच किंचाळल्या.

त्या गोंधळात मी गरम प्लग बसवला (बोटं भाजून घेऊन) आणि रागारागाने दोरी ओढली. धाड्‌कन आवाज झाला, मी चिखलात, आणि इंजिन सुरू! पाटात पाणी खळाळलं. आत्याबाई रडता रडता हसल्या. मामा तर त्या कोटातच नाचले.

बघता बघता कलमांभोवतीची आळी भरून पाणी बाहेर वाहू लागलं. आई मात्र इंजिनाजवळ बसून होती. बाबा गेल्यापासून ती रडली नव्हती. आता पदराने डोळे पुसत होती.

"बंद नको करू रे," ती म्हणाली. "चालू राहू दे जरासं. शेतात कोणी असल्यावानी वाटून रायलं."

"बरं, तू म्हणतेस तर राहू दे," मी मोठ्या समजूतदारपणे म्हणालो.

ते बंद कसं करतात, हे मला तरी कुठे माहीत होतं!